आधी हाताने दोन फेऱ्या

सकाळी ७.३०

शटर वर गेलं की आधी वास येतो. डिझेलचा, जुन्या ऑइलचा, रात्रभर कोंडलेल्या रबराचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीची माणसं घरी निघालेली असतात आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर पहिला चहा उकळत असतो. पोरगा माझ्याआधीच येऊन बसलेला असतो. सातपूरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून तो गेल्या वर्षी माझ्याकडे लागला. मी उदबत्ती लावेपर्यंत तो ओल्या फडक्याने जमीन पुसून घेतो. इंजिन उघडं असलं की आमच्याकडे झाडू फिरत नाही, धूळ उडते.

पांढऱ्या व्हेरिटोचा आज तिसरा दिवस. पिवळ्या नंबर प्लेटची टॅक्सी, डिझेल. ही गाडी तशी आमच्या गावचीच. २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनो यांच्या भागीदारीत ती ‘लोगन’ नावाने नाशिकच्या कारखान्यात बनू लागली. पुढे भागीदारी संपली, २०११ मध्ये नाव बदलून ‘व्हेरिटो’ झालं, पण डिझेल इंजिन तेच राहिलं. १४६१ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, आणि क्रँकच्या जोरावर कॅम फिरवणारा रबरी दातेरी पट्टा. तोच टायमिंग बेल्ट, आणि तोच परवा रात्री गेला.

गाडीचा मालकच तिचा ड्रायव्हर. विमानतळावर पॅसेंजर सोडून मुंबईहून परत येत होता. कसारा घाट चढून आला, इगतपुरी मागे टाकली, घोटीच्या अलीकडे गाडी चालता चालता गप्प झाली. मोठा आवाज नाही, धूर नाही. बाजूला घेऊन त्याने सेल मारला.

“सेल फिरला शेठ, पण भलताच हलका. शिलाई मशीन चालवल्यासारखा.”

“मग?”

“मग अजून चार-पाच वेळा मारला. म्हटलं लागली तर घरापर्यंत तरी जाऊ.”

मी काही बोललो नाही. त्या जागी त्या वेळी सगळेच तेच करतात. पण हलका फिरणारा सेल ही खूण आहे. सिलिंडरमध्ये हवा दाबली जात असेल तर स्टार्टरला जोर लागतो, त्याचा आवाज दर फेरीला अडखळतो. तो सरसर फिरला याचा अर्थ आत हवा कोंडत नाहीये. एक तर कॅम थांबलाय, नाहीतर व्हॉल्व्ह उघडे पडलेत. इथे दोन्ही झालं होतं.

सकाळी ८.१५

लेथवाल्याकडून हेड आलं. पोराने आणि मी ते दोन्ही बाजूंनी उचलून टेबलावर जाड पुठ्ठ्यावर ठेवलं. जमिनीवर ठेवायचं नाही. ॲल्युमिनियमच्या हेडला एक ओरखडा पडला तरी उद्या तिथूनच पाणी किंवा कॉम्प्रेशन गळतं.

काल हेड उघडलं तेव्हा चारही पिस्टनच्या डोक्यांवर चंद्रकोरी उमटलेल्या होत्या. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला की त्याच्या कडेचा ठसा असा अर्धवट गोल उठतो. पोराने मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मी त्याला म्हटलं, हा फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही तर तुझ्यासाठी ठेव.

हे का होतं ते इंजिनाच्या बांधणीतच आहे. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. गाडी हायवेला ३००० आरपीएमवर चालली असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारतो, कॅम २५. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात २५ वेळा खाली उतरून पिस्टन पोचायच्या आत वर जातो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अठरा पटींच्या आसपास दाबून इतकी तापवायची, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. इतकी दाबायची तर वर जागा ठेवून चालत नाही. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्यात आणि हेडमध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरतं. त्या क्षणी कुठला व्हॉल्व्ह नीट उघडा असेल तर दोघांना एकाच जागी उभं राहायचं असतं. पट्टा शाबूत आहे तोवर ती वेळ येत नाही. पट्टा गेला की कॅम जिथल्या तिथे थबकतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने आणखी काही फेऱ्या मारतो.

काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुळातच जागा ठेवलेली असते. तिथे बेल्ट तुटला तर नवा टाकायचा, टायमिंग लावायचं आणि निघायचं. इथे तसं नशीब नव्हतं. आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले होते. डोळ्यांना सगळेच सरळ दिसत होते. काचेवर आडवे ठेवून घरंगळवले तेव्हा पाच जण लंगडले. आम्ही आठही नवे टाकले. पाच नवे आणि तीन जुने अशी जोडी मी लावत नाही, कारण उरलेल्या तिघांनीही तोच मार थोडाथोडा खाल्लेला असतो.

लेथवाल्यावर माझा विश्वास आहे, तरी तपासणी होतेच. हेड उलटं केलं, एकेका खोलगटीत रॉकेल ओतलं आणि चहा घेतला. दहा मिनिटांनी पोर्टच्या आतून बोट फिरवलं. कोरडं. व्हॉल्व्ह सीटवर नीट बसलेत.

सकाळी ९.३०

आता ब्लॉक. या तासात बघणाऱ्याला काहीच होताना दिसत नाही, आणि नेमका याच तासात निष्काळजीपणा केला तर पुढचं सगळं वाया जातं.

हेड बोल्टची दहा भोकं आहेत. त्यांत ऑइल किंवा कूलंट साचलेलं असतं. तसाच बोल्ट आवळला तर खाली अडकलेल्या द्रवाला जायला वाट नसते, आणि त्या दाबाने ब्लॉकला चीर जाऊ शकते. शिवाय पाना सांगतो की बोल्ट आवळला, आणि प्रत्यक्षात आवळलेलं असतं तेल. पोरगा सिरिंज आणि फडक्याची वळी घेऊन एकेक भोक कोरडं करतो. मी इंजेक्टरच्या तोंडांवर आणि डिझेलच्या नळ्यांवर लावलेली टोपणं पुन्हा तपासतो. कॉमन रेल इंजिनात डिझेल भयंकर दाबाने फिरतं. डोळ्याला न दिसणारा कणही इंजेक्टर खराब करू शकतो. इंजेक्टरवर १ ते ४ आकडे घातलेले आहेत. प्रत्येकाचा स्वतःचा कोड असतो आणि तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या-त्या सिलिंडरच्या नावावर नोंदलेला असतो. इकडचा तिकडे गेला तर इंजिन चालेल, पण गुरगुरत.

मग मी पोराला विचारतो, “हेड बसवायच्या आधी क्रँक कुठे पाहिजे?”

“टीडीसीला, काका. पहिला पिस्टन वर.”

“आणि कॅम?”

तो गप्प.

हेड बसवताना कॅम कुठेही असू शकतो आणि काही व्हॉल्व्ह उघडे असणारच. अशा वेळी पिस्टन वर ठेवले तर नवे व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी वाकतील, तेही आपल्या हातून. म्हणून क्रँक टीडीसीच्या पाव फेरी मागे आणायचा. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला-चौथा एका जोडीत आणि दुसरा-तिसरा दुसऱ्या जोडीत चालतात. पाव फेरीला चौघेही मधोमध, सारख्या उंचीवर थांबतात. मग कॅम कसाही फिरवा, कोणी कोणाला लागत नाही.

पोराने क्रँक फिरवला, चारही पिस्टन मधोमध एका ओळीत आले. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आयटीआयच्या वहीतली आकृती आत्ता हलली.

नवं गॅसकेट, नवे बोल्ट. हे बोल्ट ताणून बसणारे असतात. एकदा वापरले की पुन्हा घ्यायचे नाहीत. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, आधी टॉर्क रेंचने सारखं आवळायचं, मग प्रत्येक बोल्ट ठरलेल्या कोनात पुढे फिरवायचा. तिथे पाना हळू आणि एका दमात फिरतो. आवळताना बोलायचं नाही, हा नियम मी माझ्या वस्तादांकडून घेतला.

सकाळी ११.००

टॅपेट. या इंजिनात कॅमच्या खाली, व्हॉल्व्हच्या डोक्यावर लहान वाट्या असतात. कॅम आणि वाटी यांच्यातलं अंतर फिलर गेजने मोजायचं. स्क्रू फिरवून ते कमी-जास्त करायची सोय नाही. अंतर चुकलं तर वेगळ्या जाडीची वाटी घालायची. इनलेटपेक्षा एक्झॉस्टला अंतर जास्त, कारण तो जास्त तापतो आणि जास्त वाढतो. नव्या व्हॉल्व्हमुळे दोन ठिकाणी अंतर कमी भरत होतं. त्या वाट्या लेथवाल्याकडे कालच बदलल्या होत्या, तरी पुन्हा मोजलं. गेजची पाती ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी थोडी चिकटली पाहिजे. सैल सरकली तर चूक, अडकली तरी चूक.

पोराला हे शिकवताना मला माझा जुना दिवस आठवतो. मी शिकाऊ होतो तेव्हा रस्त्यावर सगळीकडे मारुती ८०० होती. १९८३ साली आलेली ती गाडी २०१४ मध्ये बनायची थांबली, आणि मधल्या काळात निम्म्या महाराष्ट्राचे मेकॅनिक तिच्यावरच तयार झाले. तीन सिलिंडर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर. एकदा मी डिस्ट्रिब्युटर काढून साफ केला आणि परत बसवला. क्रँकची खूण खुणेला होती, पहिला पिस्टन वर होता. मी खुशीत सेल मारला आणि कार्बोरेटरमधून असा भडका उडाला की एअर फिल्टरचं झाकण छताला लागलं.

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, माझा अंगठा त्या भोकावर दाबून धरला आणि दुसऱ्याला क्रँक फिरवायला लावला. पहिल्यांदा पिस्टन वर आला, अंगठ्याला काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा वर येताना हवेने अंगठा ढकलून लावला.

“पिस्टन दोनदा वर येतो,” ते म्हणाले. “एकदा धूर बाहेर टाकायला, एकदा दाबायला. खूण दोन्ही वेळा जुळते. खुणेला फरक कळत नाही, अंगठ्याला कळतो.”

आजच्या डिझेलात डिस्ट्रिब्युटर नाही. डिझेल कधी फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, क्रँक आणि कॅमच्या सेन्सरवरून. म्हणून काही पोरांना वाटतं की टायमिंग आता कॉम्प्युटर सांभाळतो. कॉम्प्युटर फक्त फवाऱ्याची वेळ सांभाळतो. व्हॉल्व्हची वेळ अजूनही रबराचा पट्टाच सांभाळतो, आणि तो पट्टा माणसाच्या हातांनी बसवावा लागतो.

दुपारी १२.१५

पट्टा लावायच्या आधी जुने तुकडे टेबलावर मांडले. जुना बेल्ट सलग तुटलेला नव्हता. एका टप्प्यात त्याचे दात सोलून निघाले होते आणि पाठीवर छापलेली अक्षरं अजून नीट वाचता येत होती. म्हणजे बेल्ट म्हातारा नव्हता. शेजारी वॉटर पंप ठेवला. त्याचं चक्र हाताने फिरेना. बेअरिंग जाम, आणि खाली कूलंट गळून सुकल्याची पांढुरकी खपली. या इंजिनात वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप अडला, बेल्ट अडला नाही. त्याने दात दिले.

मालक शेजारी उभा होता. गाडी त्याने दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली होती.

“विकणारा म्हणाला होता, बेल्ट नवीनच टाकलाय.”

“खरंच बोलला. फक्त बेल्टच टाकला होता.”

बेल्ट बदलताना टेन्शनर आणि पंपही बदलायचे असतात, कारण त्यांच्यापर्यंत पोचायला तेवढंच सगळं उघडावं लागतं. कोणीतरी कुठेतरी ते पैसे वाचवले. कव्हरवर मी बारकाईने पाहिलं होतं. बेल्ट कधी टाकला, किती किलोमीटरला टाकला, काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर पुढच्या मेकॅनिकने विचारलं असतं, पंपाचं काय?

द्वारका सर्कलजवळच्या दुकानातून काल पूर्ण किट आणलं आहे : बेल्ट, टेन्शनर, पंप. पोरगा नवा बेल्ट बोटांत घडी करून बघायला लागला तसा मी ओरडलो. आत काचेच्या धाग्यांचे दोर असतात. ताणाला ते पोलादासारखे, पण घडीला काचच. हात पुसून, ऑइल न लागू देता, बेल्ट गोल तसाच धरायचा.

आता दोन पिना. एक कॅमच्या चक्राच्या भोकातून हेडमध्ये जाते. ती गेली की कॅम बरोबर जागी. दुसरी ब्लॉकमधला बुच काढून आत पेचाने बसते. क्रँक हळूच पुढे फिरवत नेला की तो तिच्यावर टेकून थांबतो. पहिला पिस्टन बरोबर टीडीसीला. आधी कॅम लावला, पिन घातली. मग पाव फेरी मागे उभा असलेला क्रँक सरळ दिशेने पुढे आणला. उलटा फिरवायचा नाही. टक् असा छोटा आवाज झाला. टेकला.

मग बेल्ट चढवला. खालच्या चक्रावरून, डिझेल पंपाच्या चक्रावरची खूण सांभाळत, वर कॅमवर, शेवटी टेन्शनरच्या मागून. टेन्शनरचा काटा एलन कीने खुणेपर्यंत आणला, नट आवळला. दोन्ही पिना काढल्या.

“मारू सेल?” पोराने विचारलं. दात काढून विचारलं, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, शेवग्याची आमटी, ठेचा. हात कितीही धुतले तरी पहिल्या घासाला डिझेल लागतंच. मध्येच एक जण स्कूटर घेऊन आला, ब्रेकची वायर. पोराने जेवणातून उठून दहा मिनिटांत दिली. मालकाने पुन्हा विचारलं, संध्याकाळी मिळेल ना, उद्या पहाटे शिर्डीचं भाडं आहे. मी म्हटलं, मिळेल तेव्हा सांगतो. हे उत्तर कोणाला आवडत नाही, पण खोटी वेळ देण्यापेक्षा बरं.

दुपारी २.१५

जेवल्यावर पहिलं काम, हाताने दोन फेऱ्या. ग्लो प्लग काढलेलेच आहेत, म्हणजे कॉम्प्रेशन आडवं येत नाही. क्रँकच्या बोल्टला गोटी आणि लांब दांडा लावून मी सावकाश फिरवायला लागतो. कान हेडजवळ. हाताला दोन तऱ्हेचा अडथळा कळायला हवा. हवेचा आणि स्प्रिंगचा अडथळा मऊ असतो, दाबला की सरकतो. लोखंडाला लोखंड लागलं तर दांडा ठणकन थांबतो. तसं झालं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. स्टार्टरला हा फरक कळत नाही. तो दात-ओठ खाऊन पुढे ढकलतो आणि नवे व्हॉल्व्ह वाकवून मगच थांबतो.

क्रँकच्या दोन फेऱ्या, म्हणजे कॅमची एक. सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटले. कुठेच ठणकन लागलं नाही. खालची पिन लावली, क्रँक टेकला. वरची पिन कॅमच्या भोकात घालायला गेलो, अडली. भोकाची एक कड आत सरकलेली दिसत होती. कॅम एक दात मागे.

पोरगा बुचकळ्यात पडला. “पण काका, दोन्ही पिना असतानाच तर बेल्ट लावला!”

हीच ती जागा जिथे चांगले चांगले फसतात. पिनांनी दोन्ही चक्रं धरलेली असतात, म्हणून बेल्ट लावताना क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ओढीच्या बाजूला एक दाताचा झोळ राहिला तरी दिसत नाही. पिना आहेत तोवर सगळं बरोबर दिसतं. पिना काढून क्रँक फिरवला की तो आधी झोळ गोळा करतो, मग कॅमला ओढतो, आणि झोळ गुपचूप टेन्शनरच्या बाजूला जातो. कॅम तेवढाच उशिरा.

“एका दाताने काय होतं?” हा प्रश्न तो विचारणारच होता. मी त्याला पाटीवर हिशोब करायला लावला. समजा कॅमच्या चक्राला ४० दात आहेत. ३६० भागिले ४०, एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबात १८ अंश. इतक्या उशिरा इनलेट मिटला तर पिस्टन दाबायला लागल्यावरही काही हवा मागे पळते. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, घाट चढताना दम लागतो, धूर टाकते. चालते मात्र. मालक आधी डिझेलला दोष देतो, मग इंजेक्टरला, आणि दोन गॅरेजं हिंडून परत आपल्या दारात येतो. दोन-तीन दातांची चूक झाली तर हिंडायचीही गरज उरत नाही.

टेन्शनर सैल केला. बेल्ट उतरवला. या वेळी क्रँकवरून वर नेताना पोराने ओढीची बाजू अंगठ्याने ताणून धरली, मी कॅमचा दात बसवला, सगळा झोळ टेन्शनरकडे गेला. काटा खुणेवर. पिना बाहेर. पुन्हा दोन फेऱ्या, या वेळी दांडा पोराच्या हातात. खालची पिन टेकली. वरची त्याने दोन बोटांत धरून सोडली आणि ती स्वतःच्या वजनानेच घसरल्यासारखी आत गेली.

पुन्हा काढल्या, पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा घातल्या. टेन्शनरचा काटा हलला नव्हता.

दुपारी ३.३०

आता जोडणीची धावपळ. इंजिनाखाली जॅकचा आधार होता, कारण बेल्टकडे पोचायला उजवीकडचं माउंटिंग काढावंच लागतं. ते बसवलं. क्रँकची पुली, अल्टरनेटरचा बेल्ट, ग्लो प्लग, इंजेक्टर आपापल्या आकड्यांवर, डिझेलच्या नव्या नळ्या. नवं ऑइल, नवा फिल्टर. कूलंट भरून हवा काढली.

किल्लीला हात लावण्याआधी आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो एका नुकसानीनंतर आला. दोन वर्षांपूर्वीच्या पोराने घाईत खालची पिन ब्लॉकमध्येच विसरून सेल मारला होता. पिन तुटली, तिचा तुकडा काढण्यात दोन दिवस गेले, पैसे माझे गेले. तेव्हापासून पिना ट्रेमध्ये मोजल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही.

मी ट्रेकडे वळणार तोच पोराने तळहात पुढे केला. दोन्ही पिना, पुसून, शेजारी शेजारी. मी काही विचारलं नव्हतं.

दुपारी ४.४५

टाकीकडून येणाऱ्या नळीवर रबरी फुगा असतो. तो दाबून डिझेल पुढे ढकलायचं. पोराने दाबत दाबत फुगा दगडासारखा टणक केला. मालक दूर उभा होता, देवाला हात जोडावेत तसे हात मागे बांधून.

पहिला सेल. इंजिन फिरलं, जोर लावत, दर फेरीला अडखळत. हा आवाज चांगला. परवाची शिलाई मशीन कुठेच नव्हती. लागलं नाही, नळ्यांत हवा होती. थांबलो. स्टार्टरला विसावा दिला, फुगा पुन्हा दाबला.

दुसऱ्या सेलला एक सिलिंडर पेटला, मग दोन, मग खडबडून चारही. पांढरा धूर गॅरेजभर झाला, हेडवर सांडलेलं ऑइल जळाल्याचा वास आला, आणि मिनिटभरात आवाज बसला. मी लांब पेचकस हेडला टेकवून मुठीवर कान ठेवला. आठ टॅपेटची टिकटिक, सारखी. ठोका नाही. स्कॅनर लावला. बेल्ट गेला त्या रात्रीची कॅम-क्रँकची जुनी तक्रार तेवढी कॉम्प्युटरमध्ये बसलेली होती. पुसली, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. परत आली नाही.

मालक पुढे आला. बॉनेटखाली वाकला आणि काहीच न कळूनही बराच वेळ बघत राहिला.

संध्याकाळी ५.४५

चक्कर. पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागून विल्होळीपर्यंत आणि परत. मालक चालवतो, मी शेजारी, पोरगा मागे. आधी सावकाश, इंजिन तापू दिलं. पंखा एकदा सुरू होऊन बंद व्हायला हवा, झाला. मग चढावर चौथ्यात ओढून पाहिलं. मालक म्हणाला, “आधीपेक्षा हलकी चालतेय.” मी मान हलवली. अडकत चाललेला पंप तिला कदाचित कधीपासून मागे खेचत असेल, पण ते आता कोणी मोजणार नव्हतं.

वाटेत पोराने विचारलं की असा रबराचा पट्टा लावायची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली असेल. मी त्याला १९६२ सालची जर्मनीतली ग्लास १००४ सांगितली. कॅम फिरवायला दातेरी रबरी पट्टा लावून बाजारात आलेली ती पहिली गाडी. साखळीपेक्षा स्वस्त, शांत, तेल लागत नाही. बदल्यात एकच अट, वेळेवर बदला.

“आणि पंपही,” तो म्हणाला.

संध्याकाळी ७.१५

गाडी थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा पाहिली, थोडं भरलं. खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, कोरडा. बिल लिहिलं. मालकाने आकडा वाचला, खाली वाकलेल्या पाच व्हॉल्व्हकडे पाहिलं, आणि घासाघीस केली नाही. फक्त अर्धे आज आणि अर्धे शिर्डीहून आल्यावर, एवढंच मागितलं. मी हो म्हटलं. जुना पंप, टेन्शनर, बेल्ट आणि व्हॉल्व्ह पिशवीत भरून त्याच्या डिकीत ठेवले. जुने सुटे भाग गिऱ्हाइकाचे असतात, ते त्याने पुढे काय करायचे ते करावेत.

राहिलं एकच. पोराने पांढऱ्या रंगाचं मार्कर आणलं. बेल्टच्या कव्हरवर, वाकलं की दिसेल अशा जागी मी त्याला लिहायला लावलं. आजची तारीख. मीटरवरचे किलोमीटर. खाली : बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप.

“आपलं नाव लिहू?” त्याने विचारलं.

“नको. बघणाऱ्याला नावाचा उपयोग नाही.”

त्याने तिसरी ओळ पुन्हा एकदा गिरवली, रंग पुसला जाणार नाही अशी. मग बॉनेट बंद केलं. मालकाने किल्ली फिरवली, गाडी दाराबाहेर गेली, आणि आम्ही रॉकेलने हात धुवायला बसलो.